शाळेच्या वायफायचे अडीचशे पत्ते

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

फरशी! वायफायची फरशी बसवणार आहेत! संगमरवरी, शाळेच्या दारात, डाव्या हाताला!

सही करायला ऑफिसात गेले तर टेबलावर मजकुराचा कागद पडला होता. खोदणाऱ्याकडे जायचा होता. ‘बिनतारी इंटरनेट सुविधा लोकार्पण सोहळा, ७ डिसेंबर.’ त्याखाली संस्थेचे अध्यक्ष नानासो, मग प्रमुख पाहुणे, मग मुख्याध्यापक. आणि सगळ्यांत शेवटी — ‘संकल्पना व नियोजन : इंजि. उदयसिंह.’

तीनदा वाचला. तीनदा तेच नाव.

नियोजन म्हणे! जून-जुलैत हातात मोबाईल धरून चोवीस खोल्या मी पालथ्या घातल्या. सिग्नल कुठं किती येतो, जुन्या इमारतीच्या दगडी भिंतीतून किती पलीकडे जातो, जिन्याखाली का मरतो, सगळे आकडे खोलीगणिक लिहिले. वायफायची डबी कुठल्या वर्गाच्या छताला लावायची, वायर कुठून न्यायची, कुठल्या यंत्राला कुठला पत्ता द्यायचा — चौकटीच्या वहीत, माझ्या अक्षरात. उन्हाळ्यात घेतलेली अख्खी साडी जिन्याखालच्या जाळ्यांनी खराब झाली ती वेगळीच.

ती वही ऑगस्टमध्ये मीच उदयसिंहच्या हातात दिली. तो नानासोंचा पुतण्या, तीन वर्षांपूर्वी इथं संगणक विभागात लागला. म्हटलं, याच्यामार्फत नानासोंपर्यंत जाईल. ‘वाचतो आणि देतो, मॅडम’ म्हणाला होता. अजून वाचतोच आहे!

नऊ वर्षं मी या शाळेत तासिका तत्त्वावर संगणक शिकवते. सुट्टी लागली की माझी नोकरीही सुट्टीवर. यंदा संगणक विभागाची एक जागा संस्था कायम भरणार आहे. फरशीवर ज्याचं नाव, त्याची ती जागा. हे समजायला इंजिनियर असावं लागत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रंगूबाई शाळेतल्या जुन्या शिपाई. वाचता येत नाही, पण त्यांना कळत नाही असं काही नाही. आज लॅब झाडताना केरसुणी थांबवून म्हणाल्या, “म्याडम, फरशीवर तुमचं नाव न्हाई म्हनं. खोल्या तर समद्या तुमीच हिंडत हुता.”

मी म्हटलं, असू दे हो. त्या म्हणाल्या, “असू दे काय? लय वंगाळ केलं.”

मग झाडत राहिल्या. मी प्रिंटरकडे तोंड करून उभी राहिले, डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आईला सांगितलं नाही. तिनं वाईच्या गणपतीला बोलून ठेवलंय — भार्गवी कायम झाली की पाच नारळ. नऊ वर्षं नारळ झाडावरच आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वायरमन आले. शिडी लावून डब्या बसवतायत. मी तास नसतानाही थांबले आणि बघत राहिले. शब्दन् शब्द माझी वही! पाचवी अ च्या ज्या कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी गळतं, त्याच कोपऱ्यात डबी लावली. कारण वहीत तसं आहे. ती माझी चूक होती, नंतर लक्षात आली, पण वही तोवर उदयसिंहकडे गेली होती. चोरानं चूकसुद्धा जशीच्या तशी चोरली!

घरी येताना एसटीत बसले आणि एकदम सुचलं. चूक एकच नाहीये त्या वहीत.

लिहूनच ठेवते, म्हणजे डोकं शांत होईल. वायफायला जोडणाऱ्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. पत्ता मिळाला नाही तर सिग्नलच्या काड्या कितीही दिसू देत, इंटरनेट नाही. माझ्या वहीत सगळ्यांचा मिळून एकच गठ्ठा होता — पत्ते अडीचशे. टॅब एकशेवीस, लॅबचे संगणक चाळीस, शिक्षकांचे फोन, कॅमेरे, प्रिंटर मिळून पन्नास. पुरतं. शाळेपुरतं पुरतं!

बाहेरचं कोणी आलं तर पुरत नाही. सप्टेंबरात हे माझ्या लक्षात आलं होतं. मुलांचे पत्ते वेगळे, ऑफिसचे वेगळे, पाहुण्यांचे वेगळे आणि तासाभराच्या मुदतीचे — अशी सगळी मांडणी मी घरी बसून नव्यानं केली. ती उदयसिंहकडे नाही. त्यानं मागितलीही नाही. मी का द्यावी?

नाही देणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

निमंत्रणपत्रिका छापून आल्या. पालक, माजी विद्यार्थी, आसपासच्या चार गावांचे सरपंच, सोसायटीचे सगळे सभासद. जेवण आहे. म्हणजे पाचशे माणूस कुठं गेलं नाही. पाचशे माणूस म्हणजे तीनशे स्मार्टफोन!

लोकार्पणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पुण्याच्या ज्या कंपनीनं टॅब दिले तिची माणसं आणि शिक्षणाधिकारी कार्यालयातले साहेब थांबणार आहेत. एकशेवीस मुलं एकाच वेळी टॅबवर धडा कशी शिकतात ते बघायला. धडा चालवणार इंजि. उदयसिंह. मेकॅनिकलचा इंजिनियर! पंपाचं काही असतं तर मीच त्याला विचारलं असतं.

टॅब खोक्यांतच आहेत. मुहूर्तावर पूजा झाल्याशिवाय सील फोडायचं नाही, असा नानासोंचा नियम आहे. ट्रॅक्टर असो नाहीतर शाळेची घंटा. म्हणजे ते एकशेवीस टॅब सोमवारपर्यंत पत्ता मागणारच नाहीत. तोवर गठ्ठा संपला असेल तर?

रात्रीची भाजी करपली. आई म्हणाली, कुठं लक्ष आहे? खरंच कुठं होतं ते तिला सांगता येण्यासारखं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उदयसिंह स्वतःहून आला! मधल्या सुट्टीत लॅबमध्ये, हातात दोन कप चहा घेऊन. एक माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं की एकदा एखाद्या फोनला पत्ता दिला की तो किती दिवस त्याच्या नावावर राखून ठेवायचा, मशीन मुदत विचारतंय.

तासाभराची मुदत ठेवली असती तर गावातला फोन घरी गेला की त्याचा पत्ता मोकळा झाला असता. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, “आठ दिवस ठेवा. रोज रोज नव्यानं जोडायचा त्रास नको मुलांना.”

लिहून घेतलं त्यानं. हातावर, पेननं. काही बोलायचं असल्यासारखा दोन मिनिटं उभा राहिला. मी वह्या तपासायला घेतल्या. मग गेला.

चहा चांगला होता. सगळा प्यायले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कार्यक्रमाची बैठक. नानासो खुर्चीत, बाकी आम्ही बाकांवर. मंडप, हार, ढोल, आचारी — सगळं झालं. मी तोंड उघडत नाही सहसा. आज उघडलं. म्हटलं, पाहुण्यांना नुसतं सांगून काय कळणार? त्यांनी आपापल्या फोनवर वापरून बघितलं तर बरं वाटेल. पासवर्ड माइकवरून सांगता येईल.

नानासो खूश! गावानं या शाळेसाठी श्रमदान केलंय, पायाचे दगड डोक्यावर वाहिलेत, मग गावाला मिळालंच पाहिजे, म्हणाले. नुसता माइक नको, बॅनरवर छापा म्हणाले. मोठ्या अक्षरात. मग माझ्याकडे वळून, “बाई, हुशार हाय तुमी.”

उदयसिंह म्हणाला, एवढ्या लोकांनी एकदम जोडलं तर काही… नानासोंनी नुसता हात वर केला. तो गप्प बसला. गप्प बसणं त्याला छान जमतं!

बॅनर! मी माइकवर खूश होते, यांनी बॅनरच दिला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. उपास. घट मांडला, पोथी वाचली, आणि सगळा वेळ मनात एकच — उदयसिंहचा घामाघूम चेहरा. लक्ष्मी माफ करील का? करील. तिलाही कोणी फसवलं असतं तर तिनं काही आरती ओवाळली नसती.

१ डिसेंबर, सोमवार

नववीच्या मुली पुढच्या सोमवारच्या धड्याची तयारी करतायत. टॅब हातात नाहीत, म्हणून पाटीएवढे पुठ्ठे कापून त्यावर बोटं फिरवतात. एकीनं विचारलं, मॅडम, खरा टॅब असाच चालेल ना?

चालेल म्हटलं.

दुपारभर टोचत राहिलं ते. पोरींचं काय जाणार? एक तास. फार तर दोन. माझी नऊ वर्षं गेली त्याचं काय? त्यांना टॅब नंतर मिळणारच आहेत, मला जागा मिळणार नाही. असं स्वतःला समजावलं आणि समजले.

४ डिसेंबर, गुरुवार

फरशी बसली. खोदकाम फार सुरेख आहे! ‘नियोजन’ मधल्या ‘य’ च्या पोटातसुद्धा काळा रंग नीट भरलाय. मी बोट फिरवून बघितलं.

एक गोष्ट ध्यानात आली. उदयसिंह आजकाल पुढच्या दारानं येत नाही. सायकल स्टँडकडून, मागच्या गेटनं येतो. स्वतःच्या नावाची लाज वाटते चोराला. वाटू दे. सोमवारी तर तोंड लपवायला मागचं गेटही पुरणार नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आज थोडक्यात वाचले. दुपारी उदयसिंह नानासोंपुढे उभा राहिला — सगळे टॅब आजच उघडून एकदा जोडून बघू या. मी दाराशी होते. त्यानं आज जोडले असते तर एकशेवीस पत्ते आठ दिवसांसाठी टॅबांच्या नावावर गेले असते. पाहुण्यांचे फोन तेवढे कोरडे राहिले असते आणि सोमवारचा धडा झकास पार पडला असता. माझा सगळा घाट पाण्यात!

नानासो म्हणाले, पूजेआधी सील फोडायचं नाही. उदयसिंह म्हणाला, नाना, एकदा बघायला पाहिजे. नानासो म्हणाले, “तू इंजिनेर हायेस का भटजी, ते आदी ठरीव.”

विषय संपला. नानासो, तुमच्या तोंडात साखर पडो!

७ डिसेंबर, रविवार

पाय दुखतायत, पण लिहिते.

पाचशे नव्हे, सातशे माणूस. ढोल, हलगी, फेटे. प्रमुख पाहुण्यांनी नारळ फोडला, फरशीवरचा पडदा ओढला, दोन टॅबचं सील तोडून हळदकुंकू वाहिलं आणि ते दोन टॅब स्टेजवरच सुरू करून दाखवले. लगेच चालले. टाळ्या! मग माइकवर पासवर्ड. मागं बॅनरवर पासवर्ड. अख्खा मंडप माना खाली घालून फोनमध्ये.

मी लॅबमध्ये आले, दार ओढून घेतलं आणि पडद्यावर वाटल्या गेलेल्या पत्त्यांचा आकडा बघत बसले. त्र्याण्णव. एकशे अठ्ठावीस. एकशे सत्तर. भाषणं चालू होती, आकडा चढत होता. पंगत बसायच्या आधी अडीचशे. भरलं! त्यानंतर आलेल्यांना लागेना, पण त्यांना वाटलं गर्दीमुळं असेल, आणि जिलेबी समोर आल्यावर कोण विचारतो?

मी बाहेर आले तर एक म्हातारे गृहस्थ मंडपातूनच जम्मूला नातवाशी बोलत होते. नातू फौजेत. त्याचा चेहरा पहिल्यांदा एवढा स्वच्छ दिसला म्हणाले. मला सांगायला आले, कारण मी जवळ उभी होते. मला वाईट का वाटावं? वाटलं मात्र.

उदयसिंहचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. त्यानं खाली बघत घेतला. मी पण टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या.

८ डिसेंबर, सोमवार

झालं!!

क्रमानं लिहिते.

साडेदहाला सभागृहात एकशेवीस मुलं सतरंज्यांवर, मांडीवर टॅब. समोर कंपनीची चार माणसं, शिक्षण खात्याचे साहेब, नानासो, हेडमास्तर. मी मुद्दाम तिथं थांबले नाही. आठवी ब चा तास घेतला. खिडकीतून सभागृहाचं दार दिसतं.

पाच मिनिटं काही नाही. मग दारातून एक शिक्षक पळत ऑफिसकडे गेले. मग परत आले. मग दुसरे गेले. मी फळ्यावर ‘इनपुट म्हणजे काय’ लिहीत होते.

पावणेअकराला रंगूबाई आल्या, धापा टाकत. “म्याडम, चला. समदं बंद पडलंय. उदयसिंव सायेब म्हनले, म्याडमला बोलवा.”

मी म्हटलं, एवढं वाक्य पूर्ण करते. पूर्ण केलं. खाली रेघ मारली. हात पुसले. मग गेले — सावकाश!

जसं डोळ्यांपुढे आणलं होतं तसंच. एकशे अठरा टॅबवर गोल फिरतंय. चालू फक्त दोन, कालच्या हळदकुंकवाचे. कंपनीची माणसं घड्याळ बघतायत. साहेबांच्या कपाळाला आठ्या. उदयसिंहचा सदरा पाठीला चिकटलेला. नववीच्या मुली एकमेकींच्या टॅबात डोकावत होत्या, आणि पुठ्ठ्याबद्दल विचारणारी पोरगी रडायच्या बेतात होती. तिच्याकडे बघायचं टाळलं.

आणि उदयसिंह सगळ्यांदेखत नानासोंना म्हणाला, “नाना, प्लॅन मॅडमचाच आहे. त्यांनाच करू द्या.”

ऐकलंस ना, रोजनिशी? चाललं तोवर इंजि. उदयसिंह, आणि बुडायला लागलं की प्लॅन मॅडमचा! ज्या चार शब्दांसाठी मी महिनाभर जळत होते, ते त्यानं कुठं काढले तर इथं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्ची ओढली आणि बसले.

गावच्या फोनांना दिलेले पत्ते काढून घेतले. पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं, त्याला वेगळे पत्ते, मुदत एक तास. मुलांचं वेगळं, पत्ते पाचशे. पासवर्ड बदलला. सगळं पाठ होतं, बोटं आपोआप चालली. अकरा मिनिटांत एकामागून एक टॅब पेटायला लागले. मुलांनी गलका केला. साहेब म्हणाले, वा! कंपनीच्या बाईंनी माझं नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

भार्गवी. लिहून घेतलं!

उदयसिंह भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. पुरेपूर बघितलं. नऊ वर्षांत एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर नानासोंनी मला थांबवलं. सभागृह रिकामं झालं होतं. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, “बाई, एक इचारू? डाक्टर बी आला की आदी इचारतो, काय हुतंय. तुमी आल्या, बसल्या आन् कामाला लागल्या. काय झालंय म्हून एकदा बी इचारलं न्हाई.”

मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. काठी टेकत निघून गेले.

विचारायला हवं होतं! ‘काय झालं?’ — दोन शब्द! महिनाभर सगळं ठरवलं आणि हे दोन शब्द तेवढे ठरवायचे राहिले!

९ डिसेंबर, मंगळवार

तासिका झाल्या. कोणी काही बोललं नाही. ऑफिसातला फोन वाजला की शिकवता शिकवता दाराकडे बघते.

१० डिसेंबर, बुधवार

आजही नाही. आईनं विचारलं, जेवत का नाहीस? म्हटलं, उद्याच्या उपासाची तयारी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नानासोंनी केबिनमध्ये बोलावलं. रंगूबाईंना चहा आणायला सांगितला आणि दार लावून घ्यायला सांगितलं. मी हातातला रुमाल पिळत बसले. नऊ वर्षांचा हिशेब आज संपला असं धरूनच गेले होते.

ते खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत होते. मग म्हणाले की आयुष्य सोसायट्यांच्या निवडणुकांत गेलं, कोण कुठं पाचर मारतो ते त्यांना वासानं कळतं. पण मी मारलेली पाचर पहिल्यांदाच बघितली. त्यांनी कोणाला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाहीत.

मी म्हटलं, फरशीवर माझं नाव नव्हतं, नानासो.

ते म्हणाले, “ते पोरानं घातलं वो. म्या सही केली, वाचलं कुटं? मनावर घिऊ नगा.” आणि मग, “तुमच्यासारकं मानूस भाईर ठिवन्यापरीस आत घेतल्यालं बरं. जागा तुमची. आमचा उदया सांगली जिल्ह्यात जाईल, जतकडच्या शाखंवर.”

कायम! मला! आणि तो जतकडे — दोनशे किलोमीटर लांब, जिथं निम्मा वर्ग कानडीत बोलतो आणि वीज दुपारी येते की नाही सांगता येत नाही. मी मनातसुद्धा एवढी शिक्षा मागितली नव्हती. दिली तर घेते!

उठले आणि नानासोंच्या पाया पडले. खरंच, मनापासून.

१५ डिसेंबर, सोमवार

ऑर्डर हातात. आई रडली, मग हसली, मग नारळ आणायला स्वतःच निघाली. पाचाऐवजी अकरा घेतले. वाईला जाऊन वाहून आलो. घाटावर बसून भेळ खाल्ली. मला पोटभर हसू येत होतं. उदयसिंहची बदलीची ऑर्डरही आजच्याच तारखेची आहे!

१७ डिसेंबर, बुधवार

स्टाफरूममध्ये कोणी त्याच्याशी फारसं बोलत नाही. त्या सोमवारच्या फजितीपासून सगळे बाजूला झाले. डबा एकटाच खातो. शाल-श्रीफळवाला!

बरं झालं. बरंच झालं. दिवसातून चार वेळा स्वतःला सांगते, बरं झालं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

उदयसिंहचा शेवटचा दिवस. चार्ज द्यायला लॅबमध्ये आला. किल्ल्या, पासवर्डचा कागद आणि माझी वही. वहीवर त्यानं कव्हर घातलंय, लेबलावर माझं नाव. म्हणाला, “ही मी नानांना ऑगस्टातच दाखवली, मॅडमचा प्लॅन आहे म्हणून. मजकूर मी दिला त्यात तुमचंच नाव होतं. नानांनी खोडलं. तासिकेवरची बाई, उद्या दुसरीकडं जाईल. फरशीवर घरचं नाव पाहिजे, म्हणाले. मी गप्प बसलो, ते माझं चुकलं. तुम्हाला सांगायला चहा घेऊन आलो होतो, पण धीर झाला नाही.”

दारात थांबून एवढंच म्हणाला, “आठ दिवसांचं मी कुणाला बोललो नाही.”

गेला. मी त्याला थांब म्हटलं नाही.

आणि मी पाया पडले त्या माणसाच्या!

सोमवारपासून कायम. संस्थेतलं प्रत्येक मशीन आता माझ्या हाताखाली आहे. नानासोंच्या केबिनमधलंसुद्धा.